हुंदका कुणाच्या नावावर

मी चिक्कू आहे, हे आधीच सांगून टाकते. शब्दांच्या बाबतीत. कचेरीत माझ्या माघारी मला चिक्कूबाई म्हणतात, आणि माघारी म्हणजे माझ्या कानावर पडेल इतक्याच अंतरावरून म्हणतात. माझी काही हरकत नाही. सव्वीस वर्षं मी जे काम करतेय त्यात हात आखडताच हवा.

काम असं. शिक्षेची मुदत संपायच्या आधी सोडा, असा कैद्याने अर्ज केला की तुरुंगात त्याची सुनावणी होते. एक अधिकारी प्रश्न विचारतो, कैदी उत्तरं देतो, आणि त्याची टेप आमच्याकडे येते. मी कानाला हेडफोन लावते, पायाखालच्या पेडलने टेप पुढे-मागे करते आणि ऐकलेलं इंग्रजीत टाइप करते. सुटका मंडळावरचे तिघे लांब बसतात, त्यांना आपली भाषा येत नाही, आणि कैद्याचं तोंड ते कधी बघत नाहीत. कागद बघतात. त्या कागदाच्या डाव्या बाजूला एक अरुंद रकाना असतो. माणूस ते वाक्य कसं बोलला ते तिथे एक-दोन शब्दांत लिहायचं. चिडून, अडखळत, हसून, जे असेल ते. आम्ही त्याला रीत म्हणतो. बोलायला काय, कोणीही गोड बोलतं, वकील पढवूनच पाठवतात. मंडळ वाचतं ती रीत.

या रकान्यातला सगळ्यात जड शब्द म्हणजे रिमोर्सफुली. नवीन माणसं कामाला आली की त्यांना तो मी शिकवते, आणि शिकवताना माझा पारा चढतोच, कारण ती सगळी त्याच्या चुलत भावंडांना त्याच्या खुर्चीत बसवायला निघालेली असतात. रिग्रेटफुली म्हणजे झालं त्याचं वाईट वाटून. ‘आपला अर्ज मंजूर करता येत नाही’ हे पत्र कारकून रिग्रेटफुली लिहितो आणि लिहिता लिहिता चहा पितो. अपॉलॉजेटिकली म्हणजे उशिरा आल्यावर दारात उभं राहून, मान जरा वाकडी करून. रिमोर्सफुलीची गोष्ट वेगळी. तिथे ‘झालं’ म्हणून भागत नाही, ‘मी केलं’ म्हणावं लागतं, आणि ते म्हणणाऱ्याला आतून कुरतडत असावं लागतं. सव्वीस वर्षांत मी हा शब्द अकरा वेळा लिहिला. अकराही जण सुटले.

बारावा लिफ्टचा मिस्त्री होता.

एका इमारतीतल्या लिफ्टचं दार सारखं अडकायचं. लिफ्ट मजल्यावर नसेल तर दार उघडू नये म्हणून त्याला एक कुलूप असतं, तेच बिघडलं होतं. रहिवाशांचा तगादा, मालकाची घाई. मिस्त्रीने नवा भाग येईपर्यंत म्हणून कुलूप तारेने बांधून टाकलं आणि लिफ्ट चालू केली. तिसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावर एका एकोणीस वर्षांच्या मुलीने दार उघडलं. घराच्या दारात उभ्या असलेल्या आईशी मागे वळून बोलता बोलता तिने पाऊल आत टाकलं, आणि आत लिफ्ट नव्हती. मिस्त्रीला सात वर्षं झाली. त्यातली चार भरल्यावर त्याने अर्ज केला.

टेपच्या अगदी शेवटी अधिकारी विचारतो, “त्या मुलीबद्दल काही सांगायचंय?” मिस्त्री बराच वेळ गप्प. मग म्हणतो, “तार मी बांधली. काय होऊ शकतं ते मलाच कळायला हवं होतं.” आणि लगेच हुंदका. तोंडावर हात दाबून धरला तरी निसटावा तसा, मग त्याच्या मागे दुसरा. माझ्या अंगावर काटा आला. मी पेडलवरचा पाय उचलला आणि रकान्यात लिहिलं, रिमोर्सफुली, रडत.

नियम असा की प्रत्येक टेप दोघांनी वेगवेगळी ऐकायची आणि रीत एकमेकांना न दाखवता लिहायची. माझा जोडीदार समोरच्या टेबलावर बसतो. त्याला सगळे होयबा म्हणतात. बारा वर्षांत त्याची रीत माझ्याहून कधी वेगळी निघाली नाही, यावरून शहाण्याने जे ओळखायचं ते ओळखावं. मी ओळखलं होतं. आणि मला ते आवडायचं, आता खोटं कशाला बोलू.

मंडळाने एकमताने होकार दिला. सुटकेचा हुकूम त्या दिवशी चार वाजता आमच्या शिपायाबरोबर तुरुंगात जाणार होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री बाहेर.

दीड वाजता मी डबा उघडला. पहिला घास तोंडात आणि होयबा दारात.

“ताई, कोणीतरी आलंय. त्या लिफ्टच्या केसमधली... मुलीची आई.”

बाई त्याच्या मागोमाग आतच आली. माझ्याच वयाची असेल. लाँड्रीत इस्त्रीचं काम करते हे मला फायलीतून माहीत होतं, आणि उजव्या मनगटावर चटक्यांचे जुने डाग होते. हातात सुनावणीच्या कागदांची प्रत. ती नातेवाइकांना पोस्टाने जाते. एका शब्दाखाली लाल रेघ इतक्या जोरात मारली होती की कागद फाटला होता.

“हा शब्द तुम्ही लिहिलात?”

“आधी बसा ना, ताई.”

“बसायला नाही आले. लिहिलात का?”

“हो. मीच लिहिला.”

तिने मुठीतली चिठ्ठी उलगडली. “मला इंग्रजी येत नाही. डिक्शनरीत बघितला. एकावर भरवसा नको म्हणून दोन डिक्शनऱ्या बघितल्या.” मग ती शाळेतल्या मुलीसारखी, एकेक शब्द सुटा करून वाचायला लागली. “केलेल्या अपराधाची मनाला टोचणी लागून. बरोबर आहे अर्थ?”

“अगदी बरोबर.”

“आणि त्याच्यापुढे लिहिलंय, रडत. कोण रडत?”

“मिस्त्री.”

“तो नाही रडला,” ती म्हणाली. “मी रडले.”

मला आधी काय आलं असेल तर राग. अशी माणसं येतात. त्यांना निकाल सोसत नाही, मग कागदात खोट काढतात. मी डब्याचं झाकण लावलं आणि माझा ठेवणीतला आवाज काढला.

“ताई, तुमचं दुःख मी समजू शकते. पण सव्वीस वर्षं मी हेच काम करते. माझे कान...”

“तुम्ही होतात तिथे?”

मी डबा बाजूला सरकवला.

“मी होते. नातेवाइकांना बसू देतात. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. ते रेकॉर्ड करायचं मशीन माझ्या पुढ्यात, इतकं जवळ. त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. खाली बघत बसला होता दगडासारखा.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “चार वर्षं मी घरात आवाज काढला नाही. मी रडले की ह्यांचं ब्लडप्रेशर वाढतं, म्हणून उशीत तोंड घालायचं, नाहीतर नळ सोडून ठेवायचा. त्या दिवशी तिथे निघाला तो. आणि तुम्ही उचलून त्याच्या नावावर लावलात.”

होयबा खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नाही, समोर भिंत आहे.

टेपा कपाटात, आणि कपाटाची किल्ली मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या साहेब. मी त्यांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“किल्ली देते. पण मला आधी सांग, कशाला? मंडळाचा निर्णय झालाय. माणसाने चार वर्षं भोगलीत. एक हुंदका इकडचा तिकडे झाला असेल, नसेल.”

“झाला असेल तर?”

“तर दुरुस्ती तुझ्या नावावर लागेल. तुझी नोकरी उरली तीन महिने. आणि बाराव्या वेळी चुकलीस म्हटल्यावर आधीच्या अकरा फायली कोणीतरी उघडणारच. बाहेर पडून संसाराला लागलेली माणसं आहेत ती.” त्या जरा पुढे झुकल्या. “झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. शिवाय नियम माहीत आहे ना? दुरुस्ती झाली की हुकूम थांबतो, आणि कैद्याला ते फोनवर तुलाच सांगावं लागतं. त्याने एव्हाना कपडे बांधून ठेवले असतील.”

सगळं खरं होतं. यात एकही गोष्ट खोटी असती तर मला बरं वाटलं असतं. मी हात पुढे केला आणि त्यांनी किल्ली ठेवली. “शिपाई चारला निघतो,” एवढंच म्हणाल्या. “त्याला मी थांबवणार नाही.”

टेप लावेपर्यंत पावणेतीन झाले. मशीनला दोन हेडफोन लागतात. एक मी घातला, एक मुलीच्या आईला दिला. तिने तो उलटा घातला, मी तो सरळ करून दिला, तेव्हा कळलं की तिचे कान तापलेले होते. मी पेडल दाबलं.

अधिकाऱ्याचा प्रश्न. शांतता. मग त्याचा आवाज, “तार मी बांधली. काय होऊ शकतं ते मलाच कळायला हवं होतं.” मग हुंदका. सवयीने माझा पाय वर यायला लागला. मी तो जोर लावून दाबून धरला.

दुसरा हुंदका आला. तिसरा आला. आणि त्या तिसऱ्याच्या अंगावरूनच, रडणं चालू असताना, मिस्त्रीचा आवाज आला. कोरडा, स्पष्ट.

“साहेब, आवाज मोठा करू का?”

एका गळ्यातून एका वेळी दोन आवाज येत नाहीत. हे कळायला सव्वीस वर्षांचा अनुभव लागत नाही. फक्त पेडलवर पाय आणखी चार सेकंद ठेवावा लागतो. मला हवा तो शब्द सापडला होता आणि मी ऐकणं थांबवलं होतं. नव्या पोरींना मी याच गोष्टीसाठी झापते, शेवटपर्यंत ऐका म्हणून. भर रस्त्यात कोणी कानाखाली वाजवावी तशी मला लाज वाटली.

“ताई,” मागून होयबा म्हणाला. त्याला हेडफोनशिवाय ऐकू येणं शक्य नव्हतं, पण माझं तोंड दिसत असणार. “मी ही टेप ऐकलीच नव्हती. तुमचा कागद बघून लिहिलं.”

“माहीत आहे मला.”

“म्हणजे, नेहमीच तसं...”

“तेही माहीत आहे.”

मुलीच्या आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “आवाज मोठा करू का,” ती म्हणाली. “मी तिकडे मरतेय, आणि ह्याला वाटतंय याचं बोलणं माझ्यामुळे ऐकू जात नसेल. माझा अडथळा झाला ह्याला.”

मला म्हणावंसं वाटलं की कदाचित त्याला तसं म्हणायचं नसेल, घाबरलेला माणूस काहीही विचारतो. म्हणाले नाही. त्याच्या मनातलं सांगायची मला चांगलीच खोड लागली होती आणि तिचे परिणाम माझ्यासमोर बसले होते.

“चुकलं माझं, ताई,” मी म्हणाले. “नीट ऐकलं नाही मी.”

तिने मान हलवली. माफ केल्यासारखी नाही, पावती घेतल्यासारखी. “माझं रडणं काढा तिथून. त्याला सुटायचं असेल तर स्वतःच्या रडण्यावर सुटू दे.”

तीन वाजून दहा मिनिटं. मी दुरुस्तीचा कागद टाइपरायटरमध्ये घातला. रिमोर्सफुली काढला. रडण्याचा आवाज मुलीच्या आईचा, असं लिहिलं. त्याचा तो प्रश्न लिहिला, आणि लिहिताना मला कळत होतं की लांब बसलेले ते तिघे हे वाक्य वाचून काय म्हणतील. माणूस निगरगट्ट आहे म्हणतील. तार बांधल्याच्या वाक्यापुढे रीत लिहिली, सपाट आवाजात. मग होयबाला खुर्चीत बसवलं, हेडफोन दिला आणि मी खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिले. त्याने टेप पाच वेळा ऐकली. बारा वर्षांची थकबाकी भरत होता म्हणा. आत गेले तर त्याच्या कागदावर त्या वाक्यापुढे लिहिलेलं, ‘हळू, मध्ये थांबून.’

“जुळत नाही तुमच्याशी,” तो कसानुसा होत म्हणाला.

“नको जुळायला,” मी म्हणाले. “दोन्ही जातील.”

मोठ्या बाईंनी कागद वाचला, सही केली आणि शिपायाच्या पिशवीतून हुकूम काढून घेतला. टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवून त्या आपल्या खोलीत गेल्या. मुलीची आई जागची हलली नव्हती. तिने जावं असं मला वाटत होतं, पण जा म्हणायचं तोंड मला नव्हतं.

तुरुंगातल्या कारकुनाने फोन उचलला. “अहो, हा काय, इथेच बसलाय बाकावर. सकाळी सहाला आंघोळ करून हुकमाची वाट बघत बसलाय. देतो.”

“हॅलो,” तो म्हणाला. टेपवरचाच आवाज. मी त्याला एकदाही बघितलं नव्हतं, आणि तरी अंधारातसुद्धा ओळखला असता.

मी सांगितलं. घोळवलं नाही. तुमच्या सुनावणीच्या कागदात माझ्याकडून चूक झाली, रडणं तुमचं नव्हतं, ते तुमच्या नावावर लिहिलं गेलं, कागद दुरुस्त होऊन मंडळाकडे परत जातोय, म्हणून उद्याची सुटका थांबली. पुन्हा बैठक कधी होईल ते सांगता येत नाही. यावर तुम्हाला काही म्हणायचं असेल तर ते कागदावर घ्यायचं मला बंधन आहे.

पलीकडे शांतता. शांतता मोजायची मला सवय आहे. पाच सेकंद म्हणजे माणूस शब्द शोधतोय, दहा म्हणजे खोटं रचतोय, असे माझे काही ठोकताळे होते. ही वीसच्या पुढे गेली आणि मी मोजणं सोडलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “तो कागद मला वाचून दाखवला होता. आपल्या भाषेत समजावून सांगितला. रडत, असं लिहिलंय म्हणाले. मी रडलो नव्हतो, मला माहीत होतं. कोण रडत होतं तेही माहीत होतं. मी सही केली.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“तेही लिहा त्यात.”

“थांबा,” मी म्हणाले. मला असं मध्ये बोलायचा अधिकार नाही, पण माझी चूक आणि भोगणार तो, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. “नीट ऐका. तुम्ही नाही सांगितलंत तर ही माझ्या एकटीची चूक आहे. सांगितलंत तर मंडळ म्हणेल की याने जाणूनबुजून खोट्यावर सही केली. पुढच्या वेळीही सोडणार नाहीत. पूर्ण तीन वर्षं जातील. कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय. तार बांधतानाही कळत होतं, मॅडम. तेव्हा म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, कोणाला कळतंय.” तो थांबला. “लिहा.”

मी रिसीव्हर खांद्यात धरून त्याचं बोलणं टाइप केलं, शब्दाला शब्द. डावीकडचा रकाना आला आणि माझी बोटं थांबली. फोनवरच्या बोलण्याची टेप नसते. टेप नसली की जोडीदार ऐकू शकत नाही, आणि एकाच्या कानावर रीत लिहिता येत नाही. तो रकाना नियमाने कोराच ठेवायचा असतो. बारा वेळा मी तो शब्द लिहिला, आणि आज, पहिल्यांदाच पैजेवर लिहिला असता, तर लिहायची सोय नव्हती.

“काय म्हणाला?” मुलीच्या आईने विचारलं. ती उठून माझ्या टेबलाशी आली होती.

मी कागद वाचून दाखवला. तिने शेवटच्या ‘लिहा’पर्यंत ऐकलं. मग टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

“कसं म्हणाला?”

हाच तर माझा धंदा. जिभेवर शब्द तयार होता, इंग्रजीतलाही आणि आपलाही, तिच्या चिठ्ठीतलासुद्धा. मी सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, अशा नजरेने ती बघत होती. आणि सकाळपर्यंत अशा नजरेने कोणी बघितलं की मला बरं वाटायचं.

“ते मी नाही सांगणार, ताई,” मी म्हणाले. “तुम्हीच ऐका. तो आहे अजून फोनवर.”

मी रिसीव्हर पुढे धरला. तिने हात मागे घेतला, दोन पावलं दारापर्यंत गेली, तिथे उभी राहिली. माझा हात दुखायला लागला तरी मी तो खाली केला नाही. पलीकडूनही कोणी फोन ठेवला नाही. मग ती परत आली, तळहात कपड्यांना पुसला, रिसीव्हर घेतला आणि कानाशी लावला.

“मी तिची आई बोलतेय,” ती म्हणाली.